कोमट दूध

लोकांना वाटतं, वासराला दूध पाजण्यात काय अवघड आहे? बादली पुढे ठेवली की पिईल. असं म्हणणाऱ्याला मी एकदा गोठ्यात येऊन बघायला सांगते. नुकतं जन्मलेलं वासरू बादली लाथाडेल, तुमच्या सदऱ्याचं टोक चघळेल आणि तुम्ही दुधाने न्हाऊन घरी जाल. त्याच्या पोटात घोटभरही गेलेलं नसेल.

माझे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हेच काम जन्मभर करत आले आहेत. गोठा मोठा आहे आमचा. आमचा म्हणजे मालकाचा. आमचा म्हणायची नुसती सवय. लांबच लांब पत्र्याच्या छपराखाली दुभत्या गाई, त्यांच्या पलीकडे गाभण गाई आणि अगदी टोकाला, वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी भिंत घातलेला वासरांचा गोठा. तिथे एका कोपऱ्यात माझा हौद आणि माझा नळ. मी बादल्या घासते. ताईने भावजींना भरीस पाडलं आणि त्यांनी मला इथे लावून दिलं. "हिची जीभ बघून दुसरीकडे कोणी हिला दाराशीसुद्धा उभं करणार नाही," असं ताई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

भावजींना जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतके ते कमी बोलतात. जे काही आहे ते हातात. गाय व्याली की वासरू पुसून काढायचं, नाळेला औषध लावायचं आणि तासाभरात चीक पाजायचा. गाईचा पहिला चीक वेळेवर पोटात गेला तर वासराला रोगाशी लढायचं बळ येतं. उशीर झाला की आतडं तो आत घेईनासं होतं; मग बादलीभर पाजा, वरून आला आणि खालून गेला. म्हणून गाय व्यायला टेकली की भावजी जेवणाच्या ताटावरूनसुद्धा उठून जातात. ताई ताट झाकून ठेवायची. "माझी सवत व्यायला बसली," म्हणायची.

चीक संपला की दूध. हाताची दोन बोटं वासराच्या तोंडात, तळवा वर. वासराला वाटतं सड मिळाला, ते चोखायला लागतं. मग हात हळूहळू खाली बादलीत न्यायचा. चोखता चोखता बोटांच्या फटीतून दूध तोंडात जातं. ते गिळायला लागलं की बोटं अशी काढून घ्यायची की त्याला पत्ता लागू नये. इतरांना हे शिकवायला आठवडा लागतो. भावजींच्या बोटांवर वासरू दुसऱ्याच वेळी प्यायला लागतं. ते काय करतात हे मी इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघते आहे आणि मला अजून कळलेलं नाही.

दूध थंड खोलीतून येतं. कॅन गरम पाण्याच्या टाकीत उभे करायचे, ढवळायचे, दूध गाईच्या अंगाइतकं ऊबदार झालं की द्यायचं. त्यासाठी भिंतीवर थर्मामीटर टांगलेला आहे. भावजींनी त्याला कधी हात लावला नाही. बाही वर सारून मनगट दुधाला लावायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "कोमट आहे. चला." एवढंच त्यांचं दिवसाचं भाषण. त्यावरून गोठ्यातल्या गड्यांनी त्यांचं नाव कोमटराव पाडलं. एकदा कोणीतरी पैज लावून थर्मामीटर बुडवून पाहिला, तर काटा अगदी जिथे हवा तिथे. तेव्हापासून त्या थर्मामीटरवर फक्त धूळ बसते.

दूध म्हणजे सगळं नव्हे, हेही त्यांचंच. "नुसत्या दुधावर वासरू फुगतं, वाढत नाही," म्हणतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच मूठभर खुराक तोंडाशी धरायचा, कोवळं वाळलं गवत टांगायचं, ताजं पाणी ठेवायचं. वासरू खेळता खेळता चघळतं आणि त्याचं मोठं पोट हळूहळू कामाला लागतं. छातीभोवती दोरी लावून ते वाढ बघायचे आणि दोरी खिशात घालायचे. दोरी पुरेनाशी झाली की ते वासरू पलीकडच्या गोठ्यात जायचं. मग भावजी त्याच्याकडे वळूनही बघत नसत. त्यांचं लक्ष पुढच्याकडे.

त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी कुरकुरले नाहीत. घरात कुरकुरण्याचं काम माझ्याकडे होतं. मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहते, मधे एक पातळ भिंत. ताईचं बोलणं ऐकू यायचं, भावजींचं नाही. ती एकटीच भांडायची, एकटीच समजूत घालून घ्यायची, आणि हसायचीही एकटीच. मी भिंतीवर थाप मारून म्हणायचे, "अगं, समोर माणूस आहे का भिंत?" ती म्हणायची, "भिंतच आहे, पण पाठ टेकायला बरी आहे."

थंडी सुरू झाली आणि ताई गेली. पोटाचा आजार होता, लांबलेला. शेवटी दवाखान्यात ठेवलं होतं. त्या दुपारी भावजी एकटेच तिच्यापाशी होते. मी कामावर होते. मला निरोप आला तो संध्याकाळी, सगळं आवरल्यावर. मी पोचले तेव्हा तिला चादरीत गुंडाळून खाली नेलं होतं आणि भावजी रिकाम्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर हात ठेवून. मी विचारलं, "मला का बोलावलं नाही?" ते म्हणाले, "राहून गेलं." बस, एवढंच. पाण्याचं बिल भरायचं राहून गेलं असं सांगावं, तसं.

मी ते विसरले नाही. विसरणार कशी? माझी एकुलती एक बहीण. रडून मोकळी व्हायला मला एक माणूस हवं होतं, आणि पाठ टेकायला उरली ती ही भिंत.

ते लगेच कामावर आले. मीही आले. लोक म्हणाले, बरं केलंत, कामात मन रमतं. मन कुठे रमलं, ते मला काही दिसलं नाही. भावजी वेळेवर येत, कॅन टाकीत ठेवत, बाही सारत, "कोमट आहे. चला," म्हणत, वासरांना पाजत आणि जात. मी बादल्या घासायचे. घासलेल्या बादल्या पुन्हा घासायचे. माझ्याही डोक्यात काही येत नव्हतं. दिवस कोणता हे विचारलं तर सांगता आलं नसतं. मी त्यांचं जेवण माझ्याकडे करायला लागले. ताटात वाढाल ते खायचे. मीठ विसरलं तरी खायचे. चहा ठेवला की तो तसाच राहायचा, वर साय धरायची. मी म्हणायचे, "गरम करून देते." ते म्हणायचे, "नको. कोमट आहे." आणि पिऊन टाकायचे. मला राग यायचा. दगडालाही काहीतरी होत असेल, असं वाटायचं.

मग वासरं हगायला लागली. आधी एक, मग त्याच्या शेजारचं, मग ओळीने. शेपट्या बरबटलेल्या, कान पडलेले, अंगावरचे केस राठ. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर परत जागेवर बसायला वेळ लागायचा, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. वाढ तर थांबलीच. कितीतरी दिवस एकही वासरू पलीकडे गेलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. वयाने तरुण, पण कामाला पक्क्या. आल्या आल्या गुडघ्यावर बसून शेणात हात घालणाऱ्या. त्यांनी पाणी बघितलं, गवत हुंगलं, खुराकाची गोणी उघडून बघितली, बसायच्या पेंढ्यात हात घालून ओल पाहिली. चीक वेळेवर दिला का, विचारलं. मग म्हणाल्या, "दूध गार जात नाही ना? या थंडीत गार दूध पोटात नीट बसत नाही, आणि ते गरम करण्यात वासराची सगळी ताकद जाते."

सगळे हसले. मीसुद्धा. "बाई, कोणाला विचारताय?" मी म्हणाले. "या माणसाचं नावच कोमटराव आहे."

डॉक्टरीणबाईही ओशाळून हसल्या. भावजी हसले नाहीत, पण ते तसेही हसत नाहीत.

दूध नाही, पाणी नाही, गवत नाही, मग राहिल्या बादल्या. गोठ्याचे साहेब लांबच्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांनी तिथूनच ठरवलं की बादल्या नीट घासल्या जात नाहीत. स्वतः येऊन एक बादली उलटी करून बघितली, तळाशी बोट फिरवलं, काही लागलं नाही तरी बोट रुमालाला पुसलं. "घरात दुःख झालंय, समजतो मी," म्हणाले. "पण जनावरं मरायला लागली तर मला माणूस बदलावं लागेल. डॉक्टर परवा पुन्हा येतायत. तेव्हा ठरवू."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. माझ्या बादल्यांतून माणसाने पाणी प्यावं अशा त्या असतात. पण मी बोलले नाही. एरवी मी साहेबांना त्यांच्या सात पिढ्यांसकट बादलीत बुडवलं असतं. त्या दिवशी वाटलं, काढतील तर काढू देत. कुठे जायचं हा प्रश्नही मनात आला नाही. घरी येऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी एका वासराने अर्धी बादली तशीच सोडली. काळ्या तोंडाची लहानशी कालवड होती, ओळीतली सगळ्यात नवी. भावजींच्या बोटांवर प्यायची ती, पण आता तिच्यात चोखायचीही ताकद नव्हती. रिकामी बादली हाताळायची मला सवय. ही जड लागली म्हणून वाकून बघितलं आणि उरलेलं दूध ओतायला गेले. ते माझ्या हातावरून गेलं. हौदातल्या पाण्याइतकं गार होतं.

मनात म्हटलं, ठेवून ठेवून निवलं असेल. पण पाय आपोआप टाकीकडे वळले. एक कॅन अजून पाजायचा राहिला होता. झाकण काढून मनगट बुडवलं. गार. टाकीतलं पाणी गार. गरम पाण्याचा नळ उघडलेलाच नव्हता. आणि भावजी त्याच टाकीपाशी उभं राहून, बाही सारून, सकाळी म्हणाले होते, "कोमट आहे. चला." मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मग लक्षात आलं की हे इतके दिवस कळलं का नाही. दुसऱ्या कोणी असलं दूध पुढे ठेवलं असतं तर वासरांनी तोंड फिरवलं असतं आणि पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. पण भावजींची बोटं तोंडात गेली की ती काहीही प्यायची. बादली चाटूनपुसून रिकामी. माझ्या हौदावर येईपर्यंत तिच्यात थेंब उरत नव्हता.

त्या कॅनमधलं दूध मी स्वतः गरम केलं, पण ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी नोकरी वाचली असती आणि त्यांना वासरांवरून काढून कडब्याच्या कुट्टीवर घातलं असतं. सकाळी अंथरुणातून उठायला त्यांच्याकडे वासरांशिवाय दुसरं काही नव्हतं, एवढं मला रागातही दिसत होतं. न सांगितलं तर कालवड मरणार आणि मी जाणार. हे सगळं मी अगदी थंड डोक्याने मांडून बघितलं. हातपाय कापले नाहीत, छातीत धडधडलं नाही. त्याचीच मला थोडी भीती वाटली.

डॉक्टरीणबाई यायच्या दिवशी मी लवकर गेले. भावजी कॅन टाकीत ठेवत होते. नळ बंदच. त्यांनी बाही सारली, मनगट बुडवलं.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"कोमट आहे?"

"हं."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हाताला हात लावला नव्हता. ओढत माझ्या हौदाशी नेलं आणि पाण्यात बुडवला. पहाटेचं पाणी होतं, माझीच बोटं कळवळली. "आणि हे?"

"कोमट आहे."

मग मी चहाच्या स्टोव्हवरचं आधण आणलं, बादलीत ओतलं आणि तिच्यावर त्यांचा हात धरला. नुसत्या वाफेनेच त्यांनी तो झटकन मागे घेतला. "धाकटे, भाजेल की."

"म्हणजे हात शाबूत आहे," मी म्हणाले. "गरम कळतं. मग गार तेवढं कसं कळत नाही तुम्हाला? ती कालवड चाललीय भावजी. मला आज काढतायत. माझं राहू दे. पण तुमच्या बोटांवर विश्वास ठेवून ती जनावरं विष प्यावं तसं पितायत. आता तरी खरं सांगा. दूध कसं आहे?"

ते परत टाकीशी गेले. त्यांनी कॅनमधल्या दुधाकडे बघितलं. मग म्हणाले, "हात घातला की तोंडातून तेच येतं."

"का?"

"त्या दिवशी नर्सने विचारलं, झोपल्यात का? मी म्हटलं, झोपलीय. ती म्हणाली, हात बघू. मी म्हटलं, हात गरम आहे, मी धरलाय. नर्स गेली दुसऱ्या खाटेकडे."

"मग? होता का गरम?"

त्यांनी कॅन उचलला आणि टाकीत नीट बसवला. मी गरम पाण्याचा नळ सोडला. टाकी भरेपर्यंत आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो. दूध निघालं तेव्हा मनगट मी लावलं, आणि "आता द्या" असं मीच म्हणाले. त्यांनी बोटं कालवडीच्या तोंडात घातली. ती थोडं प्यायली. तेवढ्याने काही व्हायचं नव्हतं, पण प्यायली.

ऊन वर आल्यावर डॉक्टरीणबाई आणि साहेब आले. बाईंनी कालवडीला सलाईन लावलं, तिचे डोळे पाहिले, तोंडात बोट घालून बघितलं. "तोंडात ऊब आहे," म्हणाल्या. "उभी राहील बहुतेक." साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता; पुढचं सांगायला त्यालाही जड जात होतं. म्हणाले, "तुमच्या जागी उद्यापासून दुसरी बाई येईल. तुम्हाला दूधखोलीत काही मिळतं का बघतो."

"बरं," मी म्हणाले. मी ठरवूनच आले होते. ओला हात पदराला पुसला आणि बादल्या एकात एक रचायला लागले.

भावजी कालवडीपाशी पेंढ्यात बसले होते, सलाईनची नळी हलू नये म्हणून तिची मान धरून. ते तिथूनच बोलले. आवाज मोठा नव्हता.

"बादल्या स्वच्छ होत्या. दूध गार होतं."

साहेबांना ऐकू आलं नसावं. "काय?"

"दूध गार होतं. बरेच दिवस. मला कळत होतं, आणि मी कोमट आहे म्हणत होतो."

"कळत होतं?" साहेब म्हणाले. "मग सांगायचं नाही का? जनावरांचा जीव जाईपर्यंत—"

"तीही गार होती," भावजी म्हणाले.

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"दुपारची जेवणं वाटायला आले तेव्हापासून गार होती. मी हात सोडला नाही. गार आहे म्हटलं असतं तर लगेच नेली असती. धाकटीला बोलावलं असतं तर तिने हात लावला असता." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कालवडीच्या मानेवरचा हात हलत नव्हता, बाकी सगळं अंग हलायला लागलं होतं. "संध्याकाळपर्यंत धरून बसलो. मग माझाही हात तसाच झाला, तेव्हा कळेना, गार कोण आहे."

"कोण? कोणाबद्दल बोलतायत हे?" साहेबांनी मला विचारलं.

मी हातातल्या बादल्या खाली ठेवल्या. "साहेब," मी म्हणाले, "सलाईन मी धरते. तुम्ही आणि बाई जरा बाहेर थांबा."